नर्व्ह टेस्टचे जुने आकडे मिळवताना

त्या रेकॉर्ड रूमच्या खिडकीची आठवण झाली की अजूनही डोकं तापतं.

मला सीएमटी आहे, शार्को-मेरी-टूथ, म्हणजे हातापायांच्या नसांचा आनुवंशिक आजार, त्यातला १ए प्रकार. १७ व्या गुणसूत्रावरचा पीएमपी२२ जनुकाचा भाग एकदा जास्तीचा, वडिलांकडून आलेला. पायाच्या पोटऱ्या आधीच बारीक झाल्यात, आता शर्टाचं बटण लावताना अंगठा दगा देतो. नवीन डॉक्टरांनी एनसीएस, म्हणजे हलके शॉक देऊन नसा तपासायची नर्व्ह टेस्ट, लिहून दिली आणि म्हणाले, जुने आकडे आणा.

जुन्या रिपोर्टवर होत्या दोन ओळी: हातापायांत तीव्र न्यूरोपथी (नसांचा बिघाड). आकड्यांचा तक्ता नाहीच. आणि १ए मध्ये आकड्यांशिवाय काही कळत नाही. नसेतून संदेश धावण्याचा वेग लहानपणापासून जवळपास तेवढाच राहतो. माझा सेकंदाला २० मीटरच्या आसपास, निरोगी हातात तो ५० च्या वर असतो. वर्षानुवर्षं खाली येते ती अँप्लिट्यूड, म्हणजे आलेखावरच्या संदेशाची उंची, मिलिव्होल्टमध्ये मोजतात ती, कारण नसेतले तंतूच मरत जातात. पायात तर बरेचदा काहीच उमटत नाही, म्हणून हाताचेच आकडे जपायचे.

खिडकीवर उत्तर मिळालं, "ओपीडीतली तपासणी, तिची फाईल नसते." विभागात गेलो तर, "रिपोर्ट दिला ना तुम्हाला?" पुन्हा खिडकी. ज्यांची सही लागते त्या मॅडम रजेवर. एकाने तर विचारलं, "ते आकडे तुम्हाला कळणार आहेत का?" अहो, शरीर माझं, नसा माझ्या! काठी टेकत जिने चढउतार करणाऱ्या माणसाला हे विचारायचं? शेवटी लेखी अर्ज दिला. त्यात मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या नियमांचा उल्लेख केला: रुग्णाने नोंदी मागितल्या तर पोच द्यायची आणि ७२ तासांत कागद द्यायचे. अर्जावर शिक्का मारायलाही कां-कूं केली. मी हललो नाही. पोच घेतल्याशिवाय अर्ज देऊच नका, हे माझं कळकळीचं सांगणं.

कागद मिळाला तो मात्र टेक्निशियन ताईंमुळे. त्यांनी मशीनच्या जुन्या कॉम्प्युटरवर नाव आणि तारीख टाकली, आलेखांसकट अख्खा तक्ता छापून हातात दिला. डोळे भरून आले माझे. उजव्या हाताच्या अल्नर नर्व्हची (करंगळीकडच्या नसेची) अँप्लिट्यूड तेव्हा ५.२ मिलिव्होल्ट, आता ४.७. डॉक्टर म्हणाले, एवढा फरक इलेक्ट्रोड थोडा सरकला तरी पडतो, पुढच्या तपासण्यांत कल बघू. किती हायसं वाटलं!

नवीन टेस्ट सुरळीत झाली. शॉक बसतात, सहन होतात. ईएमजीची, म्हणजे स्नायू तपासायची, सुई जास्त टोचते. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील किंवा पेसमेकर असेल तर आधी सांगा. हातापायाला तेल, क्रीम लावून जाऊ नका. थंडीत हात गार पडले असतील तर शेकायला सांगाच, त्वचा ३२ अंशांच्या खाली गेली की वेग उगाच कमी दिसतो. मी सांगितलं तेव्हा कुठे गरम पाण्याची पिशवी आली.

आणखी एक, फाईलच्या पहिल्या पानावर लाल शाईने लिहून ठेवा: व्हिन्क्रिस्टीन नको. कॅन्सरचं हे औषध सीएमटीवाल्यांच्या नसांना फार महागात पडतं.

तक्ता आणि आलेख तपासणीच्या दिवशीच मागून घ्या, मोबाईलवर फोटो काढा, आणि पुढची टेस्ट शक्यतो त्याच लॅबमध्ये करा.