आज राजहंसगडावर पोरांनी शिकवलं
आज गल्लीतली २२ पोरं घेऊन बेळगावजवळच्या येळ्ळूरच्या राजहंसगडावर साफसफाईला गेलेलो. दरवर्षी आम्ही मोठी माणसंच ऑर्डर सोडतो नि पोरं नुसती पोती उचलतात, खरं या वेळी ठरवलं की सगळी जबाबदारी नववीतल्या एका पोरीवर द्यायची, आम्ही मधे बोलायचं नाही.

सुरवातीला तिचा आवाजच फुटेना. मग वहीत नावं लिहून घेतली, चार ग्रुप पाडले, सिद्धेश्वर देवळाकडं लहानांना ठेवलं नि तटाच्या कडेला फक्त मोठे. एक पोरगा रुसून बसलेला, त्याला ओरडली नाही, सरळ पाण्याच्या कॅनचा हिशोब त्याच्याकडं दिला, तो जो उठला तो शेवटपर्यंत बसला नाही!! अकरालाच पाणी संपलं. माझ्या तोंडावर आलेलं, मी बघतो म्हणून, खरं गप्प बसलो. तिनं दोघांना घेतलं, खाली एका घरात जाऊन कानडीत "अज्जी, नीर कोडरी" (आजी, पाणी द्या) म्हणून दोन घागरी भरून आणल्या.

मंडळांनो, शिवजयंतीच्या मिरवणुकीत यांच्याकडून नुसता चित्ररथ ओढून घेऊ नका, मीटिंगला बसवा, वर्गणीचा हिशोब हातात द्या, चुकू देत की.

उतरताना विचारत होती, "दादा, पुढच्या वेळी दुसऱ्या कुणाला द्यायचं काय?" तिनं नाव पण ठरवलेलं, त्या रुसलेल्या पोराचं.