दुपारी काळवीट, रात्री माणेकचौक

अहमदाबादहून वेळावदरचं काळवीट राष्ट्रीय उद्यान एका दिवसात करायचं म्हटलं की बहुतेक जण पहाटेची सफारी घ्या म्हणतात. मी मात्र संध्याकाळचीच हवी म्हणून अडून बसले. हिवाळ्यात तिथे सूर्यास्ताला जे दिसतं ते मला चुकवायचं नव्हतं. शिवाय तिथून निघून शहरात परतावं तोवर माणेकचौक, म्हणजे जुन्या अहमदाबादचा रात्रीचा खाऊबाजार, नुकता रंगात येत असतो. दोन्ही एकाच दिवसात बसवायचं असेल तर हाच क्रम सोयीचा, असं मला आता खात्रीने वाटतं.

आम्ही डिसेंबरात गेलो. दादा, वहिनी, भाचा आणि मी. अभयारण्यं पावसाळ्यात बंद असतात तसं वेळावदरही १६ जून ते १५ ऑक्टोबर बंद असतं, त्यामुळे तारखा आधी पाहाव्यात. संध्याकाळच्या फेरीचा परवाना आगाऊ काढून ठेवला होता. फाटकावर ओळखपत्रं दाखवली, कॅमेऱ्याचं शुल्क भरलं आणि गाइडला सोबत घेतलं. इथे आपली स्वतःची गाडी आत नेता येते, सफारीच्या जिप्सी गाडीसाठी ताटकळावं लागत नाही. लहान मूल बरोबर असताना याचं मोल फार.

जाताना लोथलला थांबलो. हडप्पाकालीन गोदीचा तो विटांचा प्रचंड आयत भाच्याला आवडला, पण खरं सांगायचं तर माझं लक्ष घड्याळाकडे होतं. पुढे भाल प्रदेश लागतो. खंभातच्या आखाताजवळची ही खारट, सपाट जमीन. इथला भालिया गहू पावसाळ्यानंतर जमिनीत उरलेल्या ओलीवरच पिकतो. त्याला २०११ साली भौगोलिक मानांकन मिळालं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना तो हिरवा पट्टा क्षितिजापर्यंत दिसत होता.

आणि मग गवत. राष्ट्रीय उद्यान जेमतेम ३४ चौरस किलोमीटरचं, पण नजर कुठे अडतच नाही. पूर्वी हे भावनगर संस्थानचं कुरण होतं. शिकवलेले चित्ते सोडून इथे काळविटांची शिकार चाले. १९७६ साली संरक्षण मिळालं आणि आज तेच काळवीट गाडीपासून हाकेच्या अंतरावर निवांत चरतात. माद्या आणि पिल्लं तांबूस, वयात आलेले नर वरून काळेभोर, पोट पांढरंशुभ्र, शिंगं पिळदार. एका उघड्या जागेत काही नर आपापला तुकडा राखून मान ताठ करून उभे होते. शेजारी हद्दीत आला की शिंगाला शिंग. “बेन, गाडी बंद करावो,” गाइड हलकेच म्हणाले. इंजिन थांबल्यावर शिंगांचा तो कोरडा खडखडाट नीट ऐकू आला. मग कशाने तरी कळप बिथरला आणि माद्यांनी एकामागून एक हवेत उड्या घेतल्या. भाचा श्वास रोखून बघत होता.

लांडगा दिसला नाही, तरस दिसलं, तेही पाठमोरं. मला त्याची रुखरुख नाही, कारण मी ज्यासाठी आले होते ते अजून व्हायचं होतं.

ऊन कलल्यावर हॅरियर यायला लागले. मध्य आशियाकडून हिवाळा काढायला आलेले हे शिकारी पक्षी झाडावर नाही, गवतात जमिनीवर रात्र काढतात. दिवसभर आसपासच्या शेतांवर नाकतोडे, टोळ टिपायचे आणि सूर्यास्ताला इथे परतायचं. आधी चार-दोन, मग प्रत्येक दिशेने, गवताला जवळजवळ पंख टेकवत. पॅलिड हॅरियरचा फिकट राखाडी नर माझ्या अगदी समोरून गेला तेव्हा मी कॅमेरा खाली ठेवला. जगातल्या मोठ्या रातथाऱ्यांपैकी हा एक. धोलेराचं नवं औद्योगिक शहर याच पट्ट्यात उभं राहतं आहे. पक्षी इथे नुसते झोपतात, पोट मात्र भोवतालच्या शेतांवर भरतात, म्हणून कुंपणाबाहेरची जमीनही जपायला हवी, असं मला फार तळमळीने वाटतं.

अंधार पडता पडता फाटकाबाहेर पडलो. सुमारे तीन तासांचा रस्ता, वाटेत फक्त एक चहा. अहमदाबादला गाडी मुक्कामी लावली आणि रिक्षा केली. जुन्या शहरात गाडी नेऊच नये, गल्ल्या अरुंद आणि रात्री गर्दी तुफान.

माणेकचौकात दिवसा सराफ बाजार असतो. दुकानांची शटर खाली आली की त्यांच्याच पुढ्यात तवे पेटतात, टेबलं मांडली जातात. गुजरातेत दारूबंदी, त्यामुळे इथली रात्र खाण्याची. आजी-आजोबा, कॉलेजची पोरं, कडेवर झोपलेली बाळं, सगळे एकाच बाकड्यांवर. अकरा वाजता वहिनी आणि मी दोघीच कुल्फी शोधत चौकभर फिरलो, एकदाही बिचकावंसं वाटलं नाही. ग्वाल्हेर डोसा लोण्याने निथळणारा, एकात चौघांचं भागतं. अननसाचं सँडविच मला फार गोड लागलं, भाच्याने मात्र दुसरं मागवलं. पावभाजी चांगली, पण मुंबईकरांनी तिच्यावर पोट भरू नये, डोशाला जागा ठेवावी.

परतताना मध्यरात्र उलटली होती, तरी चौकाच्या तोंडाशी रिक्षा लगेच मिळाली.