गुणपत्रकावरची शेऱ्याची ओळ

शालेय गायन स्पर्धेच्या गुणपत्रकावर सूर, ताल, रागाची मांडणी अशा रकान्यांखाली शेऱ्यासाठी एक ओळ मोकळी सोडलेली असते. आकडे लवकर भरून होतात. माझा वेळ त्या ओळीपाशी जातो. लहानपणी मला एका स्पर्धेत ‘सराव वाढवावा’ एवढाच शेरा मिळाला होता आणि नेमके काय चुकले ते न कळल्यामुळे पुढे वर्षभर मी तीच चूक अधिक नेटाने घोटत राहिलो.

गेल्या पावसाळ्यात कुडाळला परीक्षक म्हणून बसलो होतो. पत्र्यावर सर कोसळली की तंबोरा ऐकू येईनासा होई, तेव्हा आम्ही गाणे थांबवत होतो, कारण आधारस्वरच हरवल्यावर सुराचे गुण कापणे हा मुलांवर अन्याय आहे. आठवीतल्या एका मुलाने भूप राग मांडला. आलाप करताना तो पुन्हा पुन्हा धैवतावर, म्हणजे ‘ध’वर, थांबत होता. भूप आणि देशकार या दोन रागांचे पाचही स्वर तेच; पण भूपाचा वादी, म्हणजे मुख्य स्वर, गंधार (ग) आणि देशकाराचा धैवत, त्यामुळे एकही स्वर चुकलेला नसताना राग मात्र हलत होता. तिथे ‘रागशुद्धीकडे लक्ष द्यावे’ असे लिहिले असते तर आपल्याकडून मध्यम किंवा निषाद लागला की काय, हेच तो शोधत बसला असता. मी लिहिले, ‘धैवतावरून जा, मुक्काम गंधारावर कर.’

काळी चारच्या पट्टीत त्याचा तार षड्ज, म्हणजे वरचा सा, ओढला जात होता. कंठ फुटायला लागला होता. हे मात्र कागदावर न लिहिता मी त्याच्या बाईंना बाजूला घेऊन पट्टी उतरवायला सांगितले.

त्याची सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, एकदाही चुकली नाही. भजनाच्या डबलबाऱ्या, म्हणजे दोन बुवांचे सामने, ऐकत वाढलेल्या आमच्या सिंधुदुर्गातल्या मुलांची लय अशी पक्की असते, आणि त्यांच्या मोकळ्या गळ्याला ‘भजनी आवाज’ म्हणून नावे ठेवणे मला मुळीच पटत नाही. तो मोकळेपणा शिकवून येत नाही.

निकालानंतर तो कागद हातात घेऊन आला. “सर, म्हणजे धैवतार थांबूचाच नाय?” मी पेटी पुढे ओढली आणि त्याला पंचमापासून पुन्हा आलाप करायला लावला. दोनदा तो धैवतावर रेंगाळला; तिसऱ्यांदा ध, प करत खाली आला, गंधारावर थांबला आणि माझ्याकडे न पाहता तोच गंधार त्याने पुन्हा एकदा लावून पाहिला.