फीच्या पावतीमागचं पत्र

मार्चअखेरची संध्याकाळ. कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतले एक फाउंड्रीवाले (ओतकामाच्या कारखान्याचे) मालक माझ्या कर-सल्ल्याच्या ऑफिसात आले आणि लेजरची प्रिंट पुढ्यात ठेवली. 'स्टाफ ट्रेनिंग' खात्यात दोन नोंदी: लॅबमधल्या पोराच्या एम.टेक.ची फी, आणि चिरंजीवांच्या पुण्यातल्या एमबीएची.

"अमेरिकेत कंपनीनं शिकवलं तर टॅक्स लागत नाही म्हणं. भाचा सांगत होता."

भाचा बरोबर होता. तिथल्या कर कायद्याच्या कलम १२७ खाली मालकानं भरलेली वर्षाला ५,२५० डॉलरपर्यंतची फी नोकराच्या करपात्र उत्पन्नात धरत नाहीत. आपल्याकडे अशी ठरीव रक्कम नाही. मार्च २०२६ पर्यंत लागू असलेल्या १९६१ च्या आयकर कायद्यात मालकाला वजावट मागायची ती कलम ३७(१) खाली. खर्च निव्वळ धंद्यासाठीच झाला, हे दाखवावं लागतं. नोकराचा प्रश्न निराळा. फी मुळात त्यानंच भरायची होती आणि ती मालकानं भरली, तर ती त्याच्या पगारात मिळवली जाऊ शकते. म्हणून कागद आधी करायचे असतात. बहुतेक जण फी भरून झाल्यावर येतात, दर वर्षी जीव तुटतो.

लॅबमधल्या पोराला बोलावून घेतलं. त्यानं पिशवीतून काळे डाग पडलेली वही काढली. प्रत्येक हीटचं (भट्टीतून एका वेळी वितळवलेल्या धातूचं) रिजेक्शन, ब्लोहोल (हवेनं पडणारी भोकं) कुठं आले, वाळूत ओलावा किती, सगळं तारखेनिशी. शेवटच्या पानाला मालकांच्या सहीचं पत्र चिकटवलेलं: कास्टिंगमधले दोष कमी करण्यासाठी फर्म तुम्हाला शिकायला पाठवत आहे, नंतर तीन वर्षं इथंच काम करायचं. तारीख प्रवेशाच्या आधीची!

"साहेब, माझ्या पगारात धरायची तर धरा, टॅक्स मी भरतो. पण मालकांचा खर्च उडायला नको."

मला क्षणभर बोलवेना. असं पत्र हातात असताना त्याच्यावर ती वेळ येऊ द्यायची नाही, हे मी तिथंच ठरवलं.

राहिली चिरंजीवांची फी. घरच्या माणसाच्या शिक्षणाचा खर्च कधीच मिळत नाही, असं नाही. सकाळ पेपर्सच्या खटल्यात संचालकांच्या मुलीच्या परदेशातल्या पत्रकारितेच्या शिक्षणाचा खर्च मुंबई उच्च न्यायालयानं मान्य केला होता. पण तिथं शिक्षणाचा वृत्तपत्राच्या कामाशी थेट संबंध होता. इथं चिरंजीवांनी भट्टीजवळ एक दिवस काढलेला नव्हता. ही रक्कम ड्रॉइंग्जमध्येच, म्हणजे मालकांच्या घरखर्चाच्या खात्यातच जाणार, असं मी स्पष्ट सांगितलं.

मालक बराच वेळ त्या वहीकडे बघत बसले. मग मुलाची पावती फायलीतून स्वतःच काढली, घडी घातली आणि शर्टाच्या खिशात ठेवली.