कावळीची चार पिल्लं

शाळेत आपण सगळ्यांनी फाटक्या पुस्तकाचं आत्मवृत्त लिहिलंय. मोडकं बाक, जुनी छत्री, चौकातला पुतळा, कुणालाही वाचा फुटली की रडगाणं एकच. एके काळी माझा काय थाट होता, आता कुणी विचारत नाही. आणि जाता जाता ‘मुलांनो, वस्तू जपून वापरा’. पेपर तपासणारे यावर खूश असत. मुलांसाठी कविता लिहायला बसलं की हीच सवय आडवी येते. तोंड वस्तूचं आणि आवाज मास्तरांचा!

मला वाटतं, कवितेत बोलणाऱ्याला ऐकणाऱ्या मुलापेक्षा थोडं कमी कळत असावं. पावसाळ्याच्या तोंडावर कावळ्यांची घरटी सुरू होतात. मुंबईचे कावळे काटक्यांच्या जोडीला तारा, मोडके हँगर, हाताला (चोचीला!) लागेल ते पळवतात. एवढ्या खटपटीनं बांधलेल्या घरट्यात कोकिळा अंडं घालून पसार होते. कावळीला याचा पत्ता नसतो, पण दुसरीतल्या मुलाला असतो. मग तिलाच बोलू द्यावं:

चार मुले मज, शहाणी तीन,
चौथे थोडे मात्र खुळे;
‘काव’ म्हणाया शिकवत असते,
‘कुहू’ काढते, काय कळे!

पक्षिनिरीक्षक माझी शेंडी धरतील. घरट्यातलं पिल्लू कुठलं कुहू करतंय, ते कावळ्याच्या पिल्लासारखंच ओरडून घास मागतं. चार ओळींपुरतं चालवून घ्यावं. शेजारची चिमुरडी हे ऐकून खिदळली आणि मग दबक्या आवाजात म्हणाली, “तिला कुणी सांगू नका हं!” कावळी तिच्या लेखी खरी झाली होती. तात्पर्य विचारायचं तिच्या डोक्यातही आलं नाही, आणि मीही ते काढून दिलं नाही.

राणीच्या बागेतल्या पेंग्विनवर लिहिणारे तर हमखास त्याला बर्फाच्या आठवणीनं रडवतात. २०१६ साली भायखळ्यात आलेले हे पेंग्विन हम्बोल्ट जातीचे. या जातीचं मूळ घर पेरू आणि चिलीचा किनारा. तिथे समुद्र गार असतो, पण बर्फ नसतो. तेव्हा उसासे नकोत. त्यापेक्षा त्यानं गर्दीकडे बघून हळहळावं: बिचारी माणसं, दिवसभर काचेत कोंडलेली! यांना मासे कोण घालतं?

लोकलच्या हँडलला तर चेहरेही दिसू नयेत. त्याला कळाव्यात फक्त मुठी: मेंदीची, घामेजलेली, खडूनं पांढरी झालेली.

डबलडेकरचं काम सगळ्यात अवघड. ती मुंबईत १९३७ साली आली आणि बिगर-एसी गाड्यांतली शेवटची सप्टेंबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली. तेव्हापासून माझ्या वयाचा जो तो तिच्या तोंडी निरोपाचं भाषण घालतोय. त्या कवितेतले अश्रू आपले असतात, बसचे नव्हेत. आजची पोरं नव्या एसी डबलडेकरमध्ये वरच्या मजल्यावर, पुढच्या काचेजवळच्या जागेसाठी एकमेकांना ढकलत असतात. बसनं बोलायचंच असेल, तर आधी हे भांडण मिटवावं. नाहीतर कुणाची तरी बाजू घ्यावी!