डायलिसिस, चालणं आणि डोकं ठिकाणावर ठेवणं : माझा अनुभव

लातुरात आठवड्याला तीन डायलिसिस, प्रत्येक चार तासांचं. हिशेब चुकणं, बोलता बोलता मुद्दा सुटणं याला घरचे वय म्हणतात. पण रक्तात साठणारे विषारी घटक, बीपी-शुगरनं खराब झालेल्या मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्या, कमी हिमोग्लोबिन, हे सगळं किडनीच्या आजाराचंच आहे. मशीनवर असताना डोकं सगळ्यात मंद चालतं; दुसऱ्या दिवशी ते बरंच मोकळं असतं. बँकेची कामं आणि सह्या मी त्याच दिवशी करतो. चालणंही त्याच दिवसापासून सुरू केलं.

आधी डॉक्टरांकडून हृदयाची तपासणी. मग सकाळी पाच मिनिटं, संध्याकाळी पाच. दर आठवड्याला एक-दोन मिनिटं वाढ. ध्येय आठवड्याला 150 मिनिटं. चालताना बोलता आलं पाहिजे. शब्द तुटायला लागले की वेग कमी. जोडीला हात छातीवर बांधून खुर्चीतून उठबस: 30 सेकंदांत किती होतात ते महिन्याला वहीत लिहायचं. फिस्टुलाच्या (डायलिसिसच्या सुया टोचण्यासाठी शस्त्रक्रियेनं जोडलेल्या रक्तवाहिनीच्या) हातावर पिशवी अडकवायची नाही.

खरी गोची उन्हाळ्यात. आपल्याकडे मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो. उन्हात चाललं की घशाला कोरड, घरी येऊन तांब्याभर पाणी, किडनी ते बाहेर टाकत नाही म्हणून वजन वाढलं, मशीनवर जास्त पाणी काढलं, बीपी कोसळलं, आणि मेंदूला रक्त कमी पडलं. ज्या डोक्यासाठी चालायचं त्यालाच मार! म्हणून सकाळी सातच्या आत घरी. डॉक्टरांनी ठरवून दिलेलं दिवसाचं पाणी सकाळीच एका बाटलीत भरतो. चहा किंवा वरण घेतलं की तेवढं पाणी बाटलीतून ओतून देतो. बाटली रिकामी, म्हणजे आजचा कोटा संपला. जास्तच तहान लागली तर चूळ भरायची. शहाळं अजिबात नाही, त्यात पोटॅशियम भरपूर, आणि खराब किडनीमुळे ते रक्तात साठतं.

डायलिसिस चुकलं असेल, आडवं पडल्यावर दम लागत असेल, छातीत दुखत असेल, तर चालायचं नाही. पायातलं बळ एकाएकी गेलं किंवा छाती धडधडली, तर पोटॅशियम वाढलेलं असू शकतं; सरळ दवाखाना गाठायचा. गुडघे दुखतात म्हणून मेडिकलवरून डायक्लोफेनॅकसारखी गोळी आणू नका. उरलीसुरली लघवीही त्यानं जाते.

चालून आलो की आठवड्याच्या गोळ्यांची डबी मीच भरतो. बायको फक्त मोजून बघते.