आठवीचं वर्ष वाया घालवू नका

आमच्याकडं आठवी म्हणजे मोकळं वर्ष. दहावी लांब, म्हणून दिवाळीनंतर पोरगं कापूस वेचायला वावरात गेलं तरी कोणी विचारत नाही. अन् एनएमएमएसची, म्हणजे आठवीच्या पोरांसाठीच्या केंद्र सरकारच्या शिष्यवृत्तीची परीक्षा येते साधारण डिसेंबरात, ऐन वेचणीत.

ही परीक्षा लागली तर नववी ते बारावी दरवर्षी १२,००० रुपये मिळतात. शाळा सरकारी किंवा अनुदानित हवी, सातवीत ५५ टक्के (एससी-एसटीला ५०) आणि मायबापाचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत. आश्रमशाळेत राहून शिकणाऱ्यांना ही मिळत नाही, तेव्हा नववीत तिकडं नाव घालायच्या आधी हा हिशेब करा.

पेपर दोन, बौद्धिक क्षमता अन् शालेय क्षमता, प्रत्येकी ९० प्रश्न, प्रत्येकी दीड तास. म्हणजे एका प्रश्नाला एक मिनिट. शालेय क्षमतेच्या पेपरात विज्ञान ३५, समाजशास्त्र ३५, गणित २०. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, तरी उत्तरपत्रिकेतले गोळे कोरे ठेवून येणारी पोरं दरवर्षी असतातच. शेवटची पाच मिनिटं फक्त उरलेले गोळे भरायला ठेवायची, हे मास्तरांनी सरावातच अंगवळणी पाडावं.

बौद्धिक क्षमतेचा पेपर बुद्धीपेक्षा भाषेनं अडतो. यवतमाळ जिल्ह्यात पांढरकवड्याकडच्या एकाच वर्गात कोणाच्या घरी कोलामी, कोणाच्या गोंडी, बंजारा तांड्यावरच्यांची गोरमाटी. पटांगणात सगळे वऱ्हाडी बोलतात अन् प्रश्नपत्रिका येते पुस्तकी मराठीत. ‘१६, २५, ३६, ४८, ६४ यांतील विसंगत पद ओळखा.’ ज्याला वर्ग पाठ आहेत तोही ‘विसंगत’पाशी थांबतो. ‘यातला वेगळा कोणता?’ असं विचारलं की ४८ लगेच सांगतो. म्हणून पहिले आठ दिवस गणितं सोडवूच नयेत. विसंगत, समसंबंध, क्रमागत, अनुक्रमे, निष्कर्ष असे वीसेक शब्द फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवावेत अन् रोज त्यावर बोलावं. गाईड घेण्यापेक्षा याचा उपयोग जास्त.

निवड झाली म्हणजे काम संपलं नाही. दरवर्षी ऑनलाइन नूतनीकरण असतं, खातं आधारला जोडलेलं लागतं, अन् दहावीत ६० टक्के (एससी-एसटीला ५५) पडले नाहीत तर पुढची दोन वर्षं बंद.

आता कागदाचं. दाखल-खारीज रजिस्टरात ‘लछमन’, आधारवर ‘लक्ष्मण’, बँकेत तिसरंच. पैसे अडकतात ते इथं. रजिस्टरातलं नाव, जात, जन्मतारीख पोरगं शाळेत आहे तोवर मुख्याध्यापकामार्फत शिक्षणाधिकाऱ्याच्या मंजुरीनं दुरुस्त होते. दाखला काढून नेल्यावर फार जड जातं. आठवीतच एकदा रजिस्टर उघडून आधारशी ताडून पाहा, दहा मिनिटांचं काम आहे.

जातीच्या नोंदीकडं विशेष लक्ष द्या. अकरावी सायन्सला गेल्यावर जात वैधता प्रमाणपत्रासाठी कॉलेजचं पत्र घेऊन अर्ज करावा लागतो आणि जुना पुरावा मागतात: एससीला १० ऑगस्ट १९५०, एसटीला ६ सप्टेंबर १९५०, व्हीजेएनटीला (भटक्या-विमुक्तांना) २१ नोव्हेंबर १९६१, ओबीसीला १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा. आजा शाळेत गेलाच नसेल तर दाखला कुठून येणार? मग कोतवाल पंजीतली, म्हणजे गावच्या कोतवालाच्या जुन्या वहीतली जन्म-मृत्यूची नोंद शोधायची. तहसीलच्या नकलेला वेळ लागतो, म्हणून अर्ज बारावीची वाट न पाहता आधीच टाकून ठेवा.

चित्रकलेच्या तासाला पोरं झाडाखाली बसतात, बसू द्या. पण इंटरमिजिएट चित्रकला परीक्षेचा फॉर्म भरायला लावा. ए ग्रेडला दहावीत ७ गुण वाढतात, बीला ५, सीला ३. शाळेनं प्रस्ताव वेळेत बोर्डाला पाठवला तरच.